रस्त्यावर उभा राहिलेला हात

हॉलमध्ये खुर्च्या चारशे होत्या आणि माणसं पाचशे. उरलेली शंभर भिंतीला टेकून, दारात दाटून, एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढून उभी होती. समोरच्या मोठ्या पडद्यावर एक रस्ता धावत होता. मोटारीच्या पुढच्या काचेतून दिसतो तसला, दुतर्फा घरं असलेला, अगदी कंटाळवाणा रस्ता. मागे बासरी वाजत होती. पडद्याच्या तळाशी जाड सोनेरी पट्टी होती आणि तिच्यावर अक्षरं सरकत होती, ‘कॅमेरा खोटं बोलत नाही.’

रस्त्याला वळण आलं. पुढे दाट झाडी होती, गर्द सावली होती. त्या सावलीत, रस्त्याच्या मधोमध, एक हात उभा राहिला. पांढराशुभ्र, माणसापेक्षा उंच, बोटं आकाशाकडे केलेला. इतका विरळ की त्याच्या आरपार झाडं दिसत होती. लगेच पडदा गदगदला, एका कोपऱ्यात एक स्कूटर आडवी झाली, गाडी थांबली. हात काही क्षण तसाच उभा होता. मग तो अलगद वर उचलला गेला आणि नाहीसा झाला.

पाचशे माणसांनी एकदम श्वास सोडला. कुणी डोळे पुसले, कुणी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला. तेजबाबा व्यासपीठावरच्या खुर्चीतून उठले. ती खुर्चीसुद्धा पांढरी होती, त्यांच्या कपड्यांसारखी.

“मी काही सांगत नाही. कॅमेरा सांगतोय,” बाबा म्हणाले. “कॅमेऱ्याला श्रद्धा नाही, अश्रद्धाही नाही. तो भोळा आहे. आणि भोळ्यालाच दिसतं. या कॅमेऱ्याच्या कार्डात चार तासांचीच जागा. रोज नवं येतं, जुनं पुसलं जातं. अपघातानंतर दोन महिने गाडी फिरत होती. सगळं पुसलं गेलं, एवढं मात्र पुसलं गेलं नाही. कोणी राखलं?”

“तेजाने,” हॉल म्हणाला.

“मुलीला कोणी वाचवलं?”

“हाताने.”

सातव्या रांगेत बसलेला एक माणूस यातलं काहीच म्हणाला नाही. तो मोटारींच्या काचा बसवायचा. तीस वर्षं तेच काम. सगळा बाजार त्याला मामा म्हणायचा, पण इथे तो खराखुरा मामा म्हणून आला होता. कारण पडद्याच्या कोपऱ्यात जी आडवी झाली ती स्कूटर त्याच्या भाचीची होती. भाची त्याच्या शेजारी कुबड्या मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्या पलीकडे तिची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, हात जोडून.

मामाला बाबा नवे नव्हते. दहा वर्षांपूर्वी हाच गृहस्थ त्याच्या दुकानासमोर सीटकव्हरं विकत असे. रेक्झिन दाखवून चामडं सांगायचा आणि गिऱ्हाइकाने नाक मुरडलं तर म्हणायचा, “वास घेऊ नका साहेब, भाव ठेवा.” तेव्हापासून मामाने त्याला रेक्झिन हे नाव दिलं होतं. मग दुकान बंद पडलं, दाढी वाढली, आवाज खाली आला आणि रेक्झिनचं तेज झालं. माल बदलला तरी विकायची पद्धत तीच होती.

भाची हॉस्पिटलात नर्स होती, ऑपरेशन थिएटरमध्ये. सहा-सहा तास पायांवर उभं राहायचं काम. पाच महिन्यांपूर्वी बाबांच्या गाडीने तिला त्या वळणावर उडवलं आणि मांडीचं हाड दोन जागी मोडलं. पहिल्या ऑपरेशनात घातलेली धातूची पट्टी सरकली होती. सर्जनने साफ सांगितलं होतं की दुसरं ऑपरेशन या महिन्यात झालं नाही तर पाय कायमचा आखूड राहील. ऑपरेशन विम्याच्या दाव्यावर अडलं होतं, आणि दावा एका प्रश्नावर: मधली पांढरी रेघ कोणी ओलांडली? भाची म्हणत होती, गाडीने. बाबांच्या ड्रायव्हरने लिहून दिलं होतं, गाडी मी चालवत होतो आणि स्कूटरच आमच्या बाजूला आली. साक्षीदार नव्हता. होता तो एक कॅमेरा. विमा कंपनीने मूळ कार्ड तीनदा मागितलं होतं आणि तीनदा उत्तर आलं होतं की ते पूजेत आहे, हात लावता येणार नाही.

खरंच पूजेत होतं. व्यासपीठावर मखमलीच्या उशीवर, काचेच्या पेटीत, नखाएवढं कार्ड ठेवलं होतं आणि लोक त्याच्यासमोर वाकत होते.

त्या दिवशी बाबांनी भाचीला पुढे बोलावलं. एक छापील कागद होता. ‘हाताने माझे प्राण वाचवले, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.’ खाली सहीची जागा. सही झाली की तेज पायावरून फिरेल, मग चाकू-कात्रीची गरज उरणार नाही, असं बाबा अगदी मऊ आवाजात म्हणाले. ताईने लेकीच्या हातात पेन दिलं. पोरीने मामाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता, आणि थकलेला माणूस कशावरही सही करतो.

“पुढच्या रविवारी करेल,” मामा उठून म्हणाला. “अशी घाईत नको. सगळ्यांसमोर, थाटात होऊ दे. मी पेटीसाठी चांगली काच भेट आणतो. माझा धंदाच तो आहे.”

बाबा प्रसन्न झाले. फुकटच्या वस्तूने ते पूर्वीपासून प्रसन्न होत. त्यांनी क्लिप पुन्हा लावायला सांगितली.

मामाने ती तिसऱ्यांदा पाहिली. हात पाहून झाला होता, म्हणून या वेळी त्याने झाडं पाहिली. गाडी वळली तशी झाडं पडद्यावर एका बाजूला सरकली. कुंपणाची भिंत सरकली, विजेचा खांब सरकून बाहेर गेला. हात मात्र होता तिथेच होता. रस्त्यावर उभी असलेली वस्तू गाडी वळल्यावर बाजूला जायला नको? हा हात वळणावर गाडीबरोबर वळला होता. म्हणजे तो रस्त्यावर नव्हता, गाडीत होता.

मामाला हसू आलं, ते त्याने खोकून लपवलं.

घरी ताईने त्याला फैलावर घेतलं. आयुष्यभर काचा पुसल्या म्हणून सगळं जग तुला काचेसारखं दिसतं का, पाचशे माणसं मूर्ख आणि तू एकटा शहाणा का, असं बरंच काही. मामा ऐकून घेत राहिला. थोरल्या बहिणीशी वाद घालून कोणी जिंकल्याचं त्याच्या ऐकिवात नव्हतं. शेवटी एवढंच म्हणाला, “ताई, एक आठवडा दे. मग सही करू दे, मी पेन आणून देतो.”

दुसऱ्या दिवशी त्याने विमा कंपनीच्या अधिकारी बाईंना दुकानात बोलावलं. बाई कमी बोलणाऱ्या होत्या आणि बाबांच्या उत्तरांनी आधीच कावलेल्या होत्या. मामाच्या धंद्यात एक शिरस्ता असतो. नवी काच बसवली की तपासण्यापूर्वी डॅशबोर्डवर काळं फडकं अंथरायचं. कारण डॅशबोर्डवर जे पडलेलं असेल ते उन्हात काचेत उमटतं, आणि काच कललेली असल्यामुळे आडवं पडलेलं उभं दिसतं. वर्षातून चार-पाच गिऱ्हाइकं तरी घाबरून येतात, समोर काहीतरी तरंगतंय म्हणून. मामा आत वाकतो, पावती किंवा वर्तमानपत्र उचलतो, आणि त्यांचं भूत त्यांच्याच खिशात घालून देतो.

मामाने फडकं काढलं आणि डॅशबोर्डवर कामाचा पांढरा हातमोजा आडवा ठेवला, बोटं स्वतःकडे करून. गाडीचं तोंड शेजारच्या अंधाऱ्या गोदामाकडे होतं. गोदामात एक उंच पांढरा हात उभा राहिला. बाईंनी वाकून आधी डॅशबोर्डवरचा मोजा पाहिला, मग काच.

“मग आधीच्या रस्त्यावर का नाही दिसला?” त्यांनी विचारलं.

“आधी समोर उजेड होता. उजेडात प्रतिबिंब बुडून जातं. वळणावर समोर सावली आली आणि ऊन डॅशबोर्डवर पडलं.”

न पुसलेल्या क्लिपचं उत्तर बाईंकडेच होतं. अशा कॅमेऱ्यात धक्का ओळखायची सोय असते. गाडीला हिसका बसला की तो तेवढी क्लिप आपोआप कुलूपबंद करतो, अपघाताचा पुरावा पुसला जाऊ नये म्हणून. त्यासाठीच तर लोक तो विकत घेतात. माहितीपुस्तकाच्या चौथ्या पानावर लिहिलेलं असतं, पण माहितीपुस्तक वाचतो कोण?

“आणि आवाजही असतो त्यात,” बाई म्हणाल्या. “बासरी नसते.”

मामा मोजा उचलायला वाकला आणि तसाच थांबला. काचेतला हात त्याने बोटं लावताच वर उचलला गेला आणि नाहीसा झाला. अगदी पडद्यावरच्यासारखा. म्हणजे त्या दिवशीही मोजे कोणीतरी उचलले होते. बाबांच्या ड्रायव्हरला त्याने रविवारी गाडीचं दार उघडताना पाहिलं होतं, दोन्ही हातांत पांढरे मोजे घालून. मग ड्रायव्हर गाडी चालवत असताना त्याचे मोजे डॅशबोर्डवर काय करत होते?

पुढच्या रविवारी खुर्च्या साडेचारशे झाल्या होत्या. मामाने टेम्पोतून मोटारीची एक जुनी पुढची काच आणली आणि व्यासपीठावरच्या टेबलावर तिरकी टेकवली. मागे काळं फडकं, बाजूला टेबलावरचा दिवा. हॉलचा स्वतःचा कॅमेरा दर रविवारी बाबांचा चेहरा मोठा करून पडद्यावर दाखवत असे. मामाने तो काचेवर रोखायला सांगितला. ही भेट जरा वेगळी आहे, असं बाबांना वाटलं असावं, पण भाची कुबड्यांवर कागदाजवळ उभी होती आणि पेन तिच्या हातात होतं. तेवढं पाहून ते गप्प राहिले. अधिकारी बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

मामाने ड्रायव्हरला वर बोलावलं. साधा, इस्त्रीचा सदरा घातलेला माणूस. तीन महिने चमत्काराचा सारथी म्हणून लोक त्याला नमस्कार करत होते आणि त्याला ते आवडायलाही लागलं होतं.

“तुमचे मोजे जरा देता?”

ड्रायव्हरने बाबांकडे पाहिलं, मग मोजे काढून दिले. मामाने ते टेबलावर आडवे ठेवले, एकावर एक, आणि दिवा लावला.

काळ्या फडक्यापुढे, पडद्यावर, एक पांढरा हात उभा राहिला. बोटं वर, आरपार, शांत.

सगळा हॉल उठून उभा राहिला. काहींनी सवयीने हात जोडले आणि नेमकं कशाला जोडले हे न कळून तसेच धरून ठेवले. मामाने मोजे उचलले, हात वर जाऊन विरला. मोजे ठेवले, हात उभा. उचलले, विरला. असं त्याने चारदा केलं, कारण तीनदा केलं तर लोक योगायोग म्हणतात.

“ही तेजाची नक्कल आहे,” बाबा म्हणाले. आवाजातला मऊपणा जरा उसवला होता. “नक्कल खऱ्याचीच होते.”

“बरोबर,” मामा म्हणाला. “म्हणून खऱ्याबद्दलच विचारतो.” तो ड्रायव्हरकडे वळला. “गाडी चालवताना तुमचे मोजे कुठे असतात?”

“हातात,” ड्रायव्हर ताठ उभा राहून म्हणाला. “बाबांचा नियमच आहे. स्टिअरिंगला उघडा हात लावायचा नाही. सात वर्षांत एकदाही लावला नाही.”

“दोन्ही हातांत?”

“दोन्ही.”

“मग त्या दिवशी ते डॅशबोर्डवर होते, तेव्हा स्टिअरिंगवर कोणाचे हात होते?”

ड्रायव्हरने स्वतःच्या उघड्या हातांकडे पाहिलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, इथे तर आरशानेच हात दाखवला होता. पहिल्या रांगेला कळलं, पहिल्या रांगेने दुसरीला सांगितलं. चमत्कार ज्या वाटेने पसरला होता त्याच वाटेने संशय मागे दारापर्यंत गेला.

अधिकारी बाई उठल्या आणि त्यांनी सरळ आवाजात सांगितलं की त्यांना मूळ कार्ड हवं आहे. ड्रायव्हरने लिहून दिलेला जबाब खोटा निघाला तर तो गुन्हा त्याच्या एकट्याच्या नावावर लागेल आणि लायसन्सही त्याचंच जाईल, हेही त्यांनी सांगितलं. बाबा पेटीसमोर आडवे उभे राहिले. अपवित्र हात लागला तर तेज कोपेल, असं काहीतरी ते म्हणू लागले.

ड्रायव्हरचे मोजे मामाकडेच होते. ड्रायव्हरने उघड्या हाताने बाबांना बाजूला केलं, पेटी उघडली, कार्ड काढलं आणि बाईंना दिलं.

क्लिप हॉलच्याच पडद्यावर लागली. या वेळी बासरी नव्हती आणि सोनेरी पट्टीही नव्हती. पट्टीखाली काय झाकलं होतं ते आता दिसलं. ‘कॅमेरा खोटं बोलत नाही’ ही अक्षरं तीन महिने ज्या जागेवरून सरकत होती, नेमकी तिथे रस्त्याची मधली पांढरी रेघ होती. वळणावर गाडी ती ओलांडून चांगली हातभर पलीकडे गेली. स्कूटर आपल्या बाजूने, आपल्या वेगाने येत होती.

आणि आवाज आला. बाबांचाच, पण मऊ नव्हे, सीटकव्हरांच्या काळातला. ते फोनवर बोलत होते.

“दोनशे नको, तीनशे खुर्च्या सांग. प्लॅस्टिकच्या चालतील, वर पांढरं कापड घालू. कोणाला कळतंय…”

धक्का. काचेवर काहीतरी आपटल्याचा आवाज. थोडी शांतता, आणि दूरवर एका मुलीचं कण्हणं.

“जागा बदल,” पडद्यावरचे बाबा म्हणाले. “लवकर. मोजे घाल. तू चालवत होतास.”

हात वर उचलला गेला आणि नाहीसा झाला.

क्लिप संपली. माणसं ज्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती त्यांवर पांढरं कापड घातलेलं होतं. काहींनी ते हळूच उचलून खाली पाहिलं.

एक गोष्ट मामाला तेव्हा कळली आणि त्याला बाबांची जरा कीव आली, फार नाही. कार्डातलं हे सगळं बाबांना माहीत होतं. एक बटण दाबलं असतं तर ते कायमचं पुसलं गेलं असतं. पण त्यांनी पुसलं नाही, कारण तो हात कुठून आला हे त्यांनाही माहीत नव्हतं. स्वतःच्या ड्रायव्हरच्या मोज्याला घाबरून या गृहस्थाने स्वतःविरुद्धचा पुरावा मखमलीवर ठेवला होता आणि लोकांकडून त्याची राखण करून घेतली होती. आयुष्यभर रेक्झिनला चामडं म्हणणाऱ्याला शेवटी रेक्झिनमधून चामड्याचा वास येऊ लागला होता.

“ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा होती,” बाबा म्हणाले. ऐकायला वीस-पंचवीस जणं थांबली. तेवढी सगळीकडेच थांबतात. बाकीचे दाराकडे निघाले. येताना ढकलाढकली करत आले होते, जाताना एकमेकांना वाट देत गेले, कारण कोणालाच कोणाकडे बघायचं नव्हतं. बाईंनी कार्ड पाकिटात घातलं, पाकिटावर चार जणांच्या सह्या घेतल्या. ड्रायव्हरने नवा जबाब तिथेच, व्यासपीठाच्या पायरीवर बसून लिहिला.

ताई जागची हलली नव्हती. पडद्यावर शेवटचं चित्र थांबलेलं होतं: रिकामा रस्ता, झाडी, आणि कोपऱ्यात आडवी स्कूटर. स्कूटरखालून एक पाय दिसत होता, चुकीच्या बाजूला वळलेला.

“वीस वेळा पाहिलं असेल मी हे,” ताई लेकीला म्हणाली. “दर रविवारी. तू पडलीस तिकडे एकदाही पाहिलं नाही गं.”

भाचीने कुबडी काखेत धरली आणि मोकळ्या हाताने आईचा हात धरला. कागद टेबलावर सहीविनाच राहिला. दावा मंजूर झाला, ऑपरेशन त्याच महिन्यात झालं. ते सर्जनने केलं, चाकू आणि कात्रीने. आता ती पुन्हा उभी राहते, सुरुवातीला दोन तास, मग चार.

मामा आपल्या दुकानात आहे. अजूनही वर्षातून चार-पाच जण घाबरून येतात की काचेत काहीतरी दिसतंय. तो कोणाला हसत नाही. दिसतं हे खरंच असतं, डोळे खोटं बोलत नाहीत आणि कॅमेराही बोलत नाही. खोटं बोलतो तो मधे उभा राहून अर्थ सांगणारा. म्हणून मामाचं सांगणं सोपं आहे, काच बसवणाऱ्याला शोभेल इतकं. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी डॅशबोर्ड पाहा. चित्रावर पट्टी असेल तर ती काढायला लावा, संगीत असेल तर ते बंद करायला लावा. आणि सगळी माणसं मधोमध बघत असतील, तेव्हा एकाने तरी कोपऱ्यात बघावं. तिथे बहुधा कोणीतरी पडलेलं असतं.